मुरणे, बसणे, वाळणे : १०० मिनिटांत केलेल्या घरसफाईचा प्रकरण अभ्यास

दुपारी ४ वाजून २० मिनिटांनी मावशीचा फोन आला. तिच्या प्रवासाचा बेत ऐनवेळी बदलला होता, त्या एका रात्रीपुरती ती आमच्याकडे उतरणार होती आणि ६ वाजेपर्यंत घरी पोहोचणार होती. मावशीला अनेक वर्षांपासून दमा आहे. धूळ आणि उग्र वास या दोन्हींचा तिला लगेच त्रास होतो, आणि त्या वेळी आमच्या घरात धूळ मुबलक होती. आधीचे तीन आठवडे माझ्या कामाच्या मुदतीत आणि मुलाच्या परीक्षेत गेले होते. त्या काळात केर काढण्यापलीकडे घराला कोणी हात लावलेला नव्हता. दोन शयनकक्ष, दिवाणखाना, स्वयंपाकघर आणि दोन स्नानगृहे एवढे घर, हाताशी १०० मिनिटे, आणि काम करणारे आम्ही दोघे, म्हणजे मी आणि महाविद्यालयात शिकणारा माझा मुलगा, अशी ही परिस्थिती होती.

या प्रकरणाची टिपणे मी जपून ठेवली, कारण त्याआधी काही महिन्यांपूर्वी अशाच एका प्रसंगी आम्ही सपशेल फसलो होतो. त्या वेळी आमच्याकडे जवळजवळ तीन तास होते आणि कष्टातही आम्ही कसूर केली नव्हती. मात्र सुरुवात मी कपाटापासून केली. कपाटातील सगळे पलंगावर काढले, त्यातील अर्धे घडी करून परत ठेवले, तोवर पाहुणे दारात उभे होते, आणि ज्या खोलीत त्यांना झोपायचे होते तिच्या पलंगावर कपड्यांचा ढीग तसाच होता. त्या फजितीनंतर माझे असे मत झाले की अपुऱ्या वेळात घर स्वच्छ करण्याचा प्रश्न मुळात वेगाचा नसतो. हात किती भराभर चालतात याला मर्यादा आहे. कोणते काम कोणत्या कामाच्या आधी सुरू होते यावर शेवटचे चित्र अधिक अवलंबून असते.

हे मत नवे नाही. हेन्केल या जर्मन कंपनीत काम करणारे रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये स्वच्छतेचे चार घटक एका वर्तुळात मांडले : रसायन, घासण्याचा जोर, तापमान आणि वेळ. वर्तुळ पूर्ण भरले पाहिजे. एका घटकाचा वाटा कमी केला तर उरलेल्यांना तो भरून काढावा लागतो. वेळ कमी पडली की आपण बहुधा घासण्याचा जोर वाढवतो आणि दमून जातो. सिनर यांच्या वर्तुळातील वेळ मात्र माणसाच्या हाताची नाही, द्रावण पृष्ठभागावर टिकून राहण्याची आहे, हे आपल्या लक्षात राहत नाही. नळावरील द्रावण २० मिनिटे मुरत असताना माणसाने नळापाशी उभे राहण्याचे काहीच कारण नसते. म्हणजे घड्याळातील १०० मिनिटांपैकी बरीच मिनिटे आपोआप काम करून देऊ शकतात, फक्त ती लवकर सुरू झाली पाहिजेत.

घरसफाईत अशा आपोआप घडणाऱ्या गोष्टी तीन आहेत. द्रावण मुरते, उडालेली धूळ बसते आणि ओली फरशी वाळते. या तिन्ही गोष्टींना घाई करता येत नाही. त्यांतील पहिल्या दोन आम्ही या वेळी नीट सांभाळल्या आणि तिसरीत चुकलो.

पहिली ८ मिनिटे आम्ही काहीही न पुसता घरभर फिरण्यात घालवली. वेळ कमी असताना हा उद्योग वेडेपणाचा वाटतो, आणि मुलाने तसे बोलूनही दाखवले. परंतु याच फेरीत काय करायचे नाही हे ठरले. आमचा शयनकक्ष वगळला, त्याचे दार बंद राहील असे ठरवले. बाल्कनी, खिडक्यांच्या काचा, फ्रिजचा आतला भाग आणि सगळी कपाटे वगळली. कपडे धुण्याचा विचारही सोडून दिला. यंत्राचा छोटा फेरा अर्ध्या तासात संपला असता, पण त्यानंतर ओले कपडे घरातच वाळत घालावे लागले असते, आणि ओलसर हवा दम्याच्या माणसासाठी बरी नाही. मावशी ज्या जागांना स्पर्श करणार, जिथे बसणार, झोपणार आणि श्वास घेणार, तेवढेच घर आमच्यासाठी उरले : पाहुण्यांची खोली, तिला लागून असलेले स्नानगृह, दिवाणखाना आणि स्वयंपाकघराचा ओटा.

पुढची ८ मिनिटे मुरत घालण्याची होती. कमोडच्या कडेखाली आम्लयुक्त क्लीनर सोडला. बाटलीवर तो १५ ते २० मिनिटे ठेवण्याची सूचना होती. नळांवर आणि शॉवरच्या जाळीवर क्षारांचा पांढरा थर होता. हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि आम्लात विरघळतो, त्यामुळे कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून त्यात भिजवलेली जुनी फडकी नळांभोवती गुंडाळली. उभ्या नळावर ओतलेले द्रावण क्षणात ओघळून जाते. फडके ते धरून ठेवते. संगमरवरावर मात्र हा उपाय कधीही करू नये, कारण संगमरवर स्वतःच कॅल्शियम कार्बोनेट आहे आणि आम्ल त्याची चकाकी खाऊन टाकते. गॅसच्या शेगडीवर भांड्यांच्या साबणाचे गरम पाणी पसरून वर ओले कापड अंथरले. मायक्रोवेव्हमध्ये पाण्याचे वाडगे ठेवून ४ मिनिटे तापवले आणि दार तसेच बंद ठेवले, जेणेकरून वाफेने आतले वाळलेले शिंतोडे सैल व्हावेत. वाडग्यात लाकडी चमचा टाकून ठेवावा. गुळगुळीत भांड्यातील पाणी कधी कधी उकळी न फुटताच उत्कलनबिंदूच्या वर तापते आणि हलवताच उसळते.

मी हे करत असताना मुलगा पाहुण्यांच्या खोलीत होता. त्याला दिलेले काम वरवर पाहता उलट्या क्रमाचे होते : खोलीत सर्वांत आधी पलंग. त्याने चादर आणि अभ्रे न झटकता आतल्या बाजूला गुंडाळत काढले, गादीवर नवी चादर घातली, उशांना नवे अभ्रे चढवले, त्यावर काढलेलीच जुनी चादर झाकण म्हणून अलगद पसरली, खिडकी उघडली आणि बाहेर येऊन दार लावले. या आग्रहामागे कारण होते. अंथरूण बदलताना कितीही जपले तरी धूळ उडतेच, आणि उडालेली धूळ लगेच खाली येत नाही. १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या, व्यासाचा कण स्थिर हवेत सेकंदाला सुमारे ३ मिलिमीटर या वेगाने खाली येतो, म्हणजे २ मीटर उंचीवरून जमिनीवर यायला त्याला ११ मिनिटे लागतात. १ मायक्रॉनच्या कणाला तेवढ्याच अंतरासाठी १५ तासांहून अधिक वेळ लागतो, म्हणजे व्यवहारात तो बसतच नाही. त्याला खिडकीवाटे बाहेर घालवणे एवढेच आपल्या हाती असते. दिलासा असा की घरातील धुळीत राहणाऱ्या माइट या सूक्ष्म जिवांची ऍलर्जी निर्माण करणारी द्रव्ये बहुतांशी १० मायक्रॉनपेक्षा मोठ्या कणांवर असतात, आणि खोली २० ते ३० मिनिटे शांत राहू दिली की ते कण खाली येतात. पलंग शेवटी केला असता तर नेमकी हीच धूळ मावशी आल्यावर तिच्या डोक्यावर तरंगत राहिली असती.

४ वाजून ३६ मिनिटांपासून ५ वाजेपर्यंत आम्ही दोघांनी फक्त पसारा उचलला. आपल्या भाषेत आवरणे आणि पुसणे हे दोन वेगळे शब्द आहेत, पण घाईत आपण ती दोन्ही कामे एकत्र करू पाहतो : एक वस्तू उचलली, तिच्याखालचे पुसले, मग ती कुठे ठेवायची याचा विचार करत दुसऱ्या खोलीत गेलो आणि तिथे तिसऱ्याच कामाला लागलो. हे टाळण्यासाठी प्रत्येकाने एक मोठी टोपली घेतली आणि जागेवर नसलेली प्रत्येक वस्तू, वर्गवारी न करता, तीत टाकली. कागद, चार्जर, पुस्तके, औषधांच्या पट्ट्या, एक स्वेटर, सगळे एकत्र. भरलेल्या टोपल्या आमच्या शयनकक्षात गेल्या. या २४ मिनिटांत घर स्वच्छ झाले नव्हते, तरी ते ओळखू येण्याइतके बदलले होते. पाहुण्यांच्या नजरेला धुळीपेक्षा पसारा आधी दिसतो, हे माझे निरीक्षण आहे. मावशीच्या फुप्फुसांना अर्थातच त्याचा काही उपयोग नव्हता.

५ वाजता मी स्नानगृहात गेले आणि तिथे या प्रकरणातील सर्वांत धोक्याचा क्षण आला. मदतीला आलेल्या मुलाने, कमोड अधिक शुभ्र व्हावा या सद्हेतूने, ब्लीचची बाटली उघडून हातात धरली होती. कमोडमध्ये आम्लयुक्त क्लीनर अजून तसाच होता. ब्लीचमधील सोडियम हायपोक्लोराइट आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू बाहेर पडतो; अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरबरोबर ब्लीच मिसळले तर क्लोरामाइन वायू तयार होतात. दोन्ही श्वसनमार्गाला इजा करतात आणि लहान, बंद स्नानगृहात ही इजा निरोगी माणसालाही गंभीर होऊ शकते. “आई, दोन्ही सफाईचीच औषधे आहेत ना?” असे त्याने विचारले. घाईच्या कामात हाच गैरसमज महागात पडतो, कारण पहिले औषध धुऊन टाकायला वेळ नसतो आणि दुसरे लगेच ओतायचे असते. ब्लीचची बाटली घराबाहेर गेली. आम्लाने त्याचे काम आधीच केले होते. ब्रश दोनदा फिरवताच पिवळसर कडा निघाली, दोनदा पाणी सोडले आणि खिडकी उघडीच ठेवली. नळांवरील फडकी काढल्यावर बराचसा थर नुसत्या बोटाने निघाला. शॉवरच्या जाळीचा अर्धाच निघाला, आणि तो तसाच सोडून दिला.

सगळे घासून झाले तरी स्नानगृहातील कुबट, गटारासारखा वास मात्र हटत नव्हता. इथे मी जवळजवळ ६ मिनिटे वाया घालवली : पुन्हा कमोड घासला, बेसिन घासले, फरशी घासली. कारण वेगळेच निघाले. हे स्नानगृह कित्येक आठवडे वापरात नव्हते. फरशीवरील जाळीखाली, प्लंबर ज्याला न्हाणी ट्रॅप म्हणतात त्या वळणात, पाणी साचून राहते आणि त्या पाण्यामुळेच सांडपाण्याच्या नळीतील वायू घरात येत नाही. वापर थांबला की ते पाणी हळूहळू उडून जाते आणि नळी उघडी पडते. दोन मग पाणी जाळीत ओतले आणि काही मिनिटांत वास येणे थांबले. सुगंधी फवारा मारून हा वास झाकता आला असता, पण अशा फवाऱ्यांनी दम्याचा त्रास उसळू शकतो, त्यामुळे तो आम्ही आधीच वर्ज्य ठरवला होता. वासाचे मूळ शोधणे भाग पडले ते या बंधनामुळेच.

स्वयंपाकघराला फारसा वेळ लागला नाही. शेगडीवरील चिकट थर साबणाच्या गरम पाण्याने सुटला होता, मायक्रोवेव्ह एका हातात पुसून झाला, ओटा रिकामाच होता. भांडी सिंकमध्ये राहिली, ती मी पाण्यात बुडवून ठेवली.

दरम्यान मुलाने पाहुण्यांच्या खोलीतील बसलेली धूळ पुसली, वरून खाली या क्रमाने : कपाटाचा माथा, पलंगाची डोक्याकडची पाटी, बाजूचे टेबल, दिव्याचे बटण, दाराची मूठ. कोरड्या कापडाने झटकण्याला बंदी होती, कारण झटकलेली धूळ फक्त जागा बदलते. त्याने मायक्रोफायबरची किंचित ओलसर फडकी वापरली. या कापडाचे तंतू १ डेनियरपेक्षा बारीक असतात, म्हणजे असा तंतू ९,००० मीटर लांब घेतला तरी त्याचे वजन १ ग्रॅम भरत नाही. या बारीक तंतूंच्या दाटीत धूळ अडकून राहते. फडके दोनदा दुमडले की त्याच्या आठ स्वच्छ बाजू वापरता येतात आणि दरवेळी बादलीपर्यंत जावे लागत नाही. व्हॅक्यूम क्लीनर मात्र या खोलीत आणला नाही. आमचे यंत्र साध्या पिशवीचे आहे, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारी हेपा गाळणी त्याला नाही, त्यामुळे ते जड कचरा ओढते आणि सर्वांत बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा हवेत सोडते. ते दिवाणखान्यात, खिडक्या उघड्या ठेवून, सोफ्यावर आणि गालिच्यावर चालवले.

येथवर सारे ठरल्याप्रमाणे चालले होते. ५ वाजून ४० मिनिटांनी फरशी पुसायला घेतली, आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे मागे सरकत, आणि लवकर वाळावी म्हणून दिवाणखान्यातील छताचा पंखा पूर्ण वेगाने लावला. हीच आमची मोठी चूक. दिवसभर तो पंखा बंद होता, आम्ही दोघे घरभर फिरलो तेव्हाही बंद होता, आणि बंद पंखा खालून स्वच्छच दिसतो. पात्यांच्या वरच्या बाजूला आणि पुढच्या कडेला साचलेली तीन आठवड्यांची पुटे सुटली आणि नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर काळ्या भुरक्यासारखी येऊन पडली. वरून खाली पुसायचे हा नियम मुलाला शिकवताना माझी स्वतःची नजर कपाटाच्या माथ्यापर्यंतच गेली होती. पंखा बंद केला, फरशी दुसऱ्यांदा पुसावी लागली, आणि आता वाळायला वाराही नव्हता.

मावशी ५ वाजून ५४ मिनिटांनी आली, म्हणजे सांगितल्यापेक्षा ६ मिनिटे आधी. फरशी चकाकत होती, ती स्वच्छतेने आणि ओलेपणाने सारखीच. सत्तरीतल्या माणसाने ओल्या फरशीवर पाय ठेवणे धुळीपेक्षा अधिक धोक्याचे आहे. “मावशी, आत येऊ नकोस, घसरशील,” असे म्हणून दारातच खुर्ची दिली आणि ती १० मिनिटे तिथे बसून राहिली. एवढ्या धावपळीनंतर पाहुण्याला उंबऱ्यावर बसवण्याची वेळ आमच्यावर आली, यात जी नाचक्की होती ती तिने हसण्यावारी नेली म्हणून निभावली. पंख्याची हकीकत ऐकून तिने लगेच विचारले की तिच्या खोलीतला पंखा पुसला आहे का. तो पुसलेला नव्हता. रात्री तिने तो लावला असता तर दिवाणखान्यात जे झाले तेच नव्या चादरीवर आणि तिच्या चेहऱ्यावर झाले असते.

“उतरवलेला अभ्रा आहे ना? तो पात्यावर चढव,” असे तिने मुलाला सांगितले. अभ्रा पिशवीसारखा पात्यावर घालायचा, दोन्ही हातांनी वरून-खालून दाबून धरायचा आणि आपल्याकडे ओढत आणायचा. धूळ अभ्र्याच्या आतच राहते, खाली पडत नाही. मी त्या तासाभरात जी साधने वापरली त्यांपैकी एकही इतके साधे नव्हते, आणि दोन अभ्रे पहिल्या पंधरा मिनिटांपासून आमच्याच हातात होते. तीन पात्यांना मिळून ३ मिनिटे लागली. पलंगावर पसरलेली झाकणाची चादर नंतर गुंडाळून काढली, आणि त्या रात्री मावशीला खोकला आला नाही.

हिशेब मांडला तर दोघांचे मिळून १८८ मिनिटांचे श्रम लागले आणि त्यांतील सुमारे १५ मिनिटे फरशी पुन्हा पुसण्यात आणि वासाचे कारण शोधण्यात गेली. मुरत घालण्याचा क्रम मी यापुढेही तसाच ठेवीन. पंखे आता पलंगाच्याही आधी येतात, उतरवलेल्या अभ्र्यानेच, म्हणजे त्यांची धूळ बसायलाही तेवढाच वेळ मिळतो. फरशी पाहुण्याच्या सांगितलेल्या वेळेच्या किमान ३५ मिनिटे आधी पुसून झालेली असावी, आणि उरलेल्या वेळात बसून करता येणारी किंवा पुसलेल्या फरशीवर पाय न टाकता होणारी कामे, जसे ओटा आणि भांडी, घ्यावीत. स्वयंपाकघराची फरशी तेवढी शेवटी राहू द्यावी. माणसे सांगितल्यापेक्षा उशिरा येतात या भरवशावर वेळापत्रक आखणे मी बंद केले आहे.

टोपल्यांचा प्रश्न मात्र पूर्ण सुटलेला नाही. दुसऱ्या दिवशी त्या दोन टोपल्या लावायला पावणेदोन तास लागले, म्हणजे त्या २४ मिनिटांत आम्ही काम संपवले नव्हते, फक्त उधारीवर पुढे ढकलले होते. त्याशिवाय सकाळी मावशीला पोहोचवायला निघताना घराच्या किल्ल्या सापडेनात. तिला खाली उभे करून मुलाने दुसरी टोपली पलंगावर पालथी केली, तेव्हा त्या स्वेटरच्या बाहीत मिळाल्या. आता टोपली भरायला घेण्याआधी किल्ल्या, चष्मा आणि औषधे वेगळ्या डब्यात जातात आणि तो डबा स्वयंपाकघराच्या ओट्यावरच राहतो.